फक्त हात घ्या

[काळोख. विहिरीवरची मोटर सुरू होते. पाटाचं पाणी दिसायच्या आधी ऐकू येतं.]

आमच्या कॉलेजच्या रानात शेतीची लाईट रात्री बाराला यायची. पाळी असेल त्या दोघांनी उठायचं. एकानं विहिरीवर मोटर चालू करायला जायचं, दुसऱ्यानं खोरं घेऊन वाफ्यात उभं राहायचं. याला आमच्याकडं दारं धरणं म्हणतात. पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकांसाठी सांगतो, यात दरवाजा कुठंच नसतो. पाटाच्या कडेची माती खोऱ्यानं ओढली की वाफ्याचं तोंड उघडतं. वाफा भरत आला की तीच माती परत लोटायची आणि पुढचा फोडायचा. काम सोपं आहे. डोळा लागला की मात्र बांध फुटतो, आणि सकाळी अख्ख्या कॉलेजला कळतं कुणाची पाळी होती ते.

एक वाफा भरेपर्यंत पुस्तकाची दोन पानं व्हायची. बटाट्याच्या सऱ्या लांब, तिथं तीन. बी.ए.च्या पहिल्या वर्षाचं अर्थशास्त्र मी असं बॅटरीच्या उजेडात वाचलंय. मागणीचा नियम आठवला की आजही पायाला गार चिखल लागतो.

[सकाळ. रस्त्यावरून दिसणारं कॉलेज. पत्र्याच्या दोन शेड, मध्ये कडुनिंब.]

हे खटाव तालुक्यातलं कॉलेज. सातारा-पंढरपूर रस्त्याला, पुसेगावपासून फार लांब नाही. नाव मुद्दाम सांगत नाही. पुढं काही तक्रारी येणार आहेत, आणि या लोकांनी मला तीन वर्षं जेवू घातलंय.

मी होतो तेव्हा, नव्वदच्या दशकाच्या शेवटाला, तिन्ही वर्षांची मिळून दीडशेच्या आत मुलं. आर्ट्स ही एकच शाखा. पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की सर शिकवायचे थांबायचे. अर्थात खटावात त्यासाठी किती वेळा थांबावं लागणार! परीक्षा कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाची, म्हणजे प्रश्नपत्रिका मोठ्या शहरातल्या मुलांना तीच आणि आम्हालाही तीच. मागं चार एकर रान. त्यात ज्वारी, थोडा वाघ्या घेवडा, पाणी पुरलं तर बटाटा. आणि ऑफिसबाहेरच्या फळ्यावर दर जुलैला लागणारी एक यादी: कमवा आणि शिका.

[यादीच्या कागदावर कॅमेरा. नावं धूसर.]

यादीत नाव यायला अर्ज करावा लागायचा. अर्जाला उत्पन्नाचा दाखला. दाखल्यासाठी आधी तलाठी, मग तहसील. वडील दोनदा गेले, दोनदा परत आले, तिसऱ्या खेपेला कागद मिळाला. यादीत आम्ही बावीस जण. रोज दोन तास काम, हजेरीवहीत सही, महिन्याच्या शेवटी हिशोब. तासाचा दर सांगितला तर तुम्ही हसाल. दोन तासांच्या पैशांत पुसेगावच्या स्टँडवर एक मिसळ यायची आणि चहाला थोडे उरायचे, एवढं पुरे.

खुरपणी, झाडांना आळी करणं, शेणखताच्या पाट्या वाहणं, मैदानातले दगड वेचणं. मैदानातले दगड दरवर्षी वेचायचो आणि दरवर्षी तेवढेच असायचे. ग्रंथालयात पुस्तकांना कव्हर घालायचं काम सगळ्यांना हवं असायचं. कारण सावली, आणि कारण ते रस्त्यावरून दिसायचं नाही.

त्या रस्त्याबद्दल बोलायचंय.

[रस्ता. दहिवडीकडून एसटी येते.]

माझा डबा एसटीनं यायचा. सातारा जिल्ह्यात पिढ्यान्‌पिढ्या मुलांचे डबे असेच आलेत. आई सकाळी गावात गाडीत डबा द्यायची, कंडक्टर तो ड्रायव्हरमागच्या खणात ठेवायचा, आणि कॉलेजच्या फाट्याला गाडी क्षणभर हळू व्हायची. दोन भाकरी, कोरड्यास, कधी शेंगदाण्याची चटणी. गाडी आमच्याच गावावरून यायची, त्यामुळं खिडक्यांत सगळे ओळखीचे. साडेअकराला ती यायची आणि अकरा ते एक माझी कामाची वेळ.

पहिले तीन-चार महिने गाडीचा हॉर्न ऐकला की मी टिकाव टाकून कडुनिंबामागं जायचो. हात धुवायचे, शर्टाच्या बाह्या खाली घ्यायच्या, मग फाट्यावर डबा घ्यायला. जणू आत्ताच वर्गातून आलोय. घरी रानात मी हेच काम लहानपणापासून करत होतो. तेव्हा कुणी बघितलं म्हणून लपलो नाही. मग कॉलेजात का लपत होतो, हे मला फार उशिरा कळलं. ही फिल्म त्यासाठीच केली.

[सातारा शहर. छत्रपती शिवाजी कॉलेजचं प्रवेशद्वार.]

‘कमवा आणि शिका’ हे शब्द या जिल्ह्यात ज्यांच्यामुळं घरोघरी गेले, ते कर्मवीर भाऊराव पाटील स्वतः मॅट्रिकही झाले नव्हते. जन्म 1887 चा, कुंभोजचा. घराणं मूळचं आत्ताच्या सांगली जिल्ह्यातल्या ऐतवडे बुद्रुकचं. कोल्हापुरात शिकताना जैन बोर्डिंगात राहत होते. अस्पृश्य मुलांच्या वसतिगृहाच्या कार्यक्रमाला जाऊन आले, म्हणून आंघोळ करून या असं सांगण्यात आलं. त्यांनी नकार दिला आणि बोर्डिंगातून नाव कमी झालं. पुढं त्यांनी किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकत गावं पालथी घातली. शाळा काढणाऱ्या माणसाची याहून चांगली उमेदवारी कुठली असेल, मला माहीत नाही. नांगर विकणाऱ्याला कुणाच्या घरात किती दाणे आहेत हे कळतंच.

4 ऑक्टोबर 1919 ला कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू झाली. 1924 मध्ये ती साताऱ्यात आली आणि तिथं सगळ्या जातींच्या मुलांचं एक बोर्डिंग उभं राहिलं. 1927 मध्ये गांधीजी तिथं आले आणि त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हे नाव मिळालं. 1940 मध्ये महाराजा सयाजीराव हायस्कूल, 1947 मध्ये हे छत्रपती शिवाजी कॉलेज. पैसे नसतील तर श्रम द्या आणि शिका, हा तिथला करार.

[जुन्या इमारतीच्या भिंती, आवार, झाडं.]

तारखा कुठंही मिळतील. मी अडकलो त्या स्वयंपाकघरात.

बोर्डिंगात मुलं स्वतः दळायची, स्वतः भाकरी थापायची, पाणी भरायची, रानात राबायची. महार, मराठा, जैन, मुसलमान, सगळ्यांच्या पाळ्या. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई सोवळ्याच्या घरात वाढलेल्या. त्यांनी ही सगळी मुलं आपली मानली, आणि बोर्डिंगात दाणा संपला तेव्हा एकेक दागिना मोडत शेवटी मंगळसूत्रही दिलं. ही गोष्ट साताऱ्यात एवढ्या वेळा सांगितली गेलीय की आता ऐकताना लोक मान डोलावतात आणि पुढं जातात. जरा थांबून बघा. मंगळसूत्र विकून आणलेलं धान्य दळायला जो मुलगा जात्यावर बसला असेल, त्याला कुणी बघेल याची लाज वाटली असेल का?

वाटली नसेल, असं मला वाटतं. त्याचं कारण सद्‌गुण वगैरे नाही. शेजारी बसलेलाही दळतच होता, एवढंच कारण. तिथं काम न करणारा कुणी नव्हता, त्यामुळं काम करणारा वेगळा दिसतच नव्हता. आमच्याकडं दीडशेतले बावीस जण टिकाव घ्यायचे आणि बाकीचे वर्गाच्या खिडकीतून बघायचे. त्यांचंही काही चुकत नव्हतं. त्यांना घरून पैसे यायचे, यादीत नाव द्यायची गरज नव्हती. पण उत्पन्नाचा दाखला जोडून ज्याच्या हातात टिकाव येतो, त्याच्या हातात टिकावासोबत तो दाखलाही दिसतो. अगदी एसटीच्या खिडकीतूनसुद्धा.

कागदावर गोष्ट तीच, कमवा आणि शिका. मधल्या मध्ये ‘सगळ्यांनी’ हा शब्द गळाला, आणि तो कुणी काढला असंही नाही. योजना झाली की लाभार्थी ठरवावे लागतात. लाभार्थी ठरवायचे तर यादी आलीच.

[डिसेंबर. गावातला माळ. शंभर मुलं-मुली, टिकाव, पाट्या, हशा.]

याचा पुरावा म्हणून हे शिबिर बघा. राष्ट्रीय सेवा योजना, सात दिवसांचं श्रमसंस्कार शिबिर. आमच्या वेळीही होतं. दत्तक गावात मुक्काम, सकाळी प्रभातफेरी, मग चार तास बांधबंदिस्ती. खिडकीतून बघणारी तीच मुलं इथं आमच्याहून जोरात खणायची. हाताला फोड आले की एकमेकांना दाखवायची. दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या बातम्यांत फोटो. माझाही एक आला, टिकाव उगारलेला. आईनं तो कापून ठेवला, वडिलांनी पारावर दाखवला.

तोच टिकाव. तोच मी. सोमवारी कडुनिंबामागं लपणारा.

2016 पासून या भागात पाणलोटाच्या कामांची लाट आली. पाणी अडवायच्या कामांसाठी गावागावांत लागलेल्या वॉटर कप स्पर्धेत कोरेगाव तालुक्यातलं वेळू पहिलं आलं, तेव्हा डॉक्टर, अधिकारी, पुण्यातली आयटीतली पोरं सुट्टी काढून खणायला यायची आणि सेल्फी काढायची. मला त्यांची थट्टा करायची नाही. पाणी खरंच मुरलं, विहिरी खरंच वाढल्या. पण भाषा ऐका. त्यांच्या कामाला आपण श्रमदान म्हटलं. आम्ही तेच केलं तर हजेरीवहीत त्याला शब्दच नव्हता, नुसते तास होते.

[स्टाफरूमसमोरचा कट्टा. शिपाईमामांची रिकामी खुर्ची.]

माझं लपणं एका माणसानं ओळखलं. आमचे शिपाईमामा. कामाची वाटणी त्यांच्याकडं असायची. एक दिवस काही न बोलता ते माझ्या बाजूला उभे राहिले, दुसरा टिकाव घेतला आणि खणायला लागले. हे त्यांचं काम नव्हतं. हॉर्न वाजला. मी हललो, तसे म्हणाले, “डबा येतोय, पळून कुठं जाणारंय? घाव पुरा कर.” गाडी हळू झाली. कंडक्टरनं डबा मामांकडं दिला, माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, “बटाटा लावायचाय का औंदा?” बस्स. चार महिने ज्या प्रश्नाला मी भीत होतो, तो हा निघाला.

तरी भीती पूर्ण गेली असं म्हणणार नाही. तिसऱ्या वर्षी पुस्तकांना कव्हर घालायचं काम मिळालं, तेव्हा मला फार बरं वाटलं होतं.

[आजचं कॉलेज. ठिबकच्या नळ्या. रोपवाटिका.]

आता इथं ठिबक आलंय. रात्री दारं धरायला कुणी उठत नाही. कामाचे पैसे थेट खात्यावर जमा होतात. यादीत मुली जास्त आहेत, आमच्या वेळी एकही नव्हती. अर्जाला दाखला अजून लागतो, तो ऑनलाइन मिळतो, आणि सर्व्हर बंद असला की वडिलांच्या खेपा तेवढ्याच होतात.

विहीर आहे. मामा निवृत्त होऊन गेले, मग वारले. मैदानातले दगड आहेत.

[रोपवाटिका. एक मुलगी पिशव्यांत माती भरतेय. चेहरा चौकटीबाहेर.]

ही दुसऱ्या वर्षाला आहे. सकाळी वर्ग, दुपारी दोन तास रोपवाटिका, संध्याकाळी पोलीस भरतीची धावायची तयारी. आम्ही कॅमेरा लावला तेव्हा मोकळेपणानं बोलली. कोणतं बी कधी रुजतं, शेवग्याची पिशवी किती भरायची, सगळं. मग कॅमेऱ्याचा लाल दिवा बघितला आणि गप्प झाली.

“सर, हे यूट्यूबला टाकणार?”

हो म्हटलं.

“मग तोंड नको. फक्त हात घ्या.”

का, असं मी विचारलं नाही. कॅमेरा खाली घेतला. माती भरताना ती अंगठ्यानं कडेनं दाबत जाते, म्हणजे पाणी घातल्यावर पिशवी बसत नाही. हे तिला कुणी शिकवलं, एवढंच विचारलं.

“घरी,” ती म्हणाली. “आई नर्सरीत जाते.”

[हात. पिशव्यांची रांग. बाहेर रस्त्यावर एसटीचा हॉर्न. हात थांबत नाहीत.]