चुंबकीय अणूंचे स्वयंबद्ध थेंब

(जळगाव येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

ठिबक सिंचनाच्या या जिल्ह्यात थेंब कोणाला नवा नाही. नळीच्या तोंडाशी लोंबणाऱ्या थेंबातले पाण्याचे रेणू एकमेकांना ओढतात, फार जवळ आले की दूर सारतात आणि या तोलातून पाण्याची घनता ठरते. आज ज्या थेंबांविषयी बोलायचे आहे ते मात्र, कणसंख्येच्या हिशेबाने, आपण श्वासात घेतो त्या हवेहूनही सुमारे लाखपटीने विरळ असतात. इतके विरळ द्रव्य भांड्याशिवाय एकत्र राहते, हेच मुळात नवल आहे.

हे थेंब डिस्प्रोसियम किंवा अर्बियम या धातूंच्या अणूंचे. रुबिडियमच्या अणूचे चुंबकत्व जास्तीत जास्त १ बोर मॅग्नेटॉन (अणूंचे चुंबकत्व मोजण्याचे एकक) असते, डिस्प्रोसियमचे १०; आणि दोन अणूंमधले चुंबकीय बल या आकड्याच्या वर्गाप्रमाणे वाढत असल्याने फरक शंभरपटीचा होतो. मे महिन्यात इथला पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तर या वायूचे तापमान निरपेक्ष शून्याच्या वर एका अंशाच्या दहा कोटीव्या भागाच्या काही पटींइतकेच असते. अशा थंडीत, सत्येंद्रनाथ बोस आणि आइन्स्टाइन यांच्या १९२४-२५ मधील सिद्धान्तानुसार, असंख्य अणू एकाच क्वांटम अवस्थेत येतात.

एकाच दिशेला वळलेले दोन चुंबक एकामागे एक असले तर ओढतात, शेजारी शेजारी असले तर ढकलतात; म्हणून हे थेंब गोल नसून चुंबकीय क्षेत्राच्या दिशेने काडीसारखे लांबट होतात. अणूंच्या टकरींतून येणारे प्रतिकर्षण आणि हे चुंबकीय आकर्षण या दोहोंची ऊर्जा घनतेच्या वर्गाप्रमाणेच वाढते, त्यामुळे आकर्षण एकदा किंचित वरचढ ठरले की घनता कितीही वाढली तरी तेच वरचढ राहते आणि सारा वायू आत कोसळला पाहिजे. क्रोमियमच्या वायूत हे कोसळणे जर्मनीतील श्टुटगार्टच्या गटाने २००८ मध्ये प्रत्यक्ष दाखवले होते. त्याच शहरात टिलमान फाउ यांच्या गटाने डिस्प्रोसियमवर प्रयोग केला, तेव्हा मात्र वायू न कोसळता ओळीने मांडल्यासारख्या थेंबांत विभागला गेला.

याचे कारण ली, हुआंग आणि यांग या भौतिकशास्त्रज्ञांनी १९५७ मध्ये वायूच्या ऊर्जेच्या सूत्रात काढलेल्या एका दुरुस्तीत आहे. क्वांटम चढउतारांमुळे, म्हणजे अत्यंत थंडीतही न थांबणाऱ्या सूक्ष्म हालचालींमुळे, येणारी ही प्रतिकर्षक ऊर्जा घनतेच्या अडीचाव्या घाताने वाढते. एरवी ती इतकी नगण्य असते की कोणी तिची दखल घेऊ नये, पण आकर्षण व प्रतिकर्षण ही दोन मोठी पदे एकमेकांना जवळजवळ रद्द करतात तेव्हा निकाल तिच्या हाती जातो आणि घनतेबरोबर अधिक वेगाने वाढत ती कोसळणे रोखते. माझ्या मते या संशोधनातला सर्वांत विलक्षण भाग हाच.

२०१६ मध्ये अणूंना जागी धरून ठेवणारा सापळा काढून, चुंबकीय क्षेत्राच्या उतारावर गुरुत्वाकर्षण तोलून धरल्यावरही हे थेंब पसरले नाहीत. तीन अणूंच्या टकरींत अणू हळूहळू गळत जातात आणि संख्या ठरावीक मर्यादेखाली आली की उरलेला थेंब पुन्हा वायू होतो. अशा स्वयंबद्ध थेंबांविषयी भौतिकशास्त्रज्ञ दिमित्री पेत्रोव्ह यांनी २०१५ मध्ये केलेले भाकीत खरे तर चुंबकत्वावर अवलंबून नसलेल्या मिश्र वायूंविषयी होते. ते थेंब पोटॅशियमच्या दोन अवस्थांच्या मिश्रणात बार्सिलोना आणि फ्लोरेन्स येथे मिळाले, त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले.