टाकीतला वेग, समुद्रातला वेग

(दृश्य: लांबलचक टाकी. रुळांवरून सरकणारी गाडी.)

जर्मनीतलं हॅम्बुर्ग. इथल्या जहाज-चाचणी संस्थेची ही मोठी टाकी ३०० मीटर लांब, १८ मीटर रुंद आणि ६ मीटर खोल आहे. काठांवरच्या रुळांवरून गाडी धावते आणि तिच्याखाली पाण्यात धावते जहाजाची प्रतिकृती. १८० मीटरचं मालवाहू जहाज ३६ पटींनी लहान केलं, की ५ मीटरचं होतं.

जहाज बांधण्याआधी त्याचा वेग कळायला हवा. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा नियम १ जानेवारी २०१३ पासून लागू झाला. एक टन माल एक सागरी मैल नेताना नव्या जहाजानं किती ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सोडावा, याला मर्यादा आली. या आकड्यालाच म्हणतात ईईडीआय, म्हणजे जहाजाच्या रचनेचा ऊर्जा-कार्यक्षमता निर्देशांक. या सूत्रात वेग छेदात असतो. त्याच इंजिनावर वेग अर्धा नॉट (एक नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) जास्त दिसला, तरी आकडा खाली येतो. म्हणून चाचणीला तपासनीस हजर असतो.

(दृश्य: प्रतिकृतीच्या पुढच्या टोकापासून उठणाऱ्या लाटा.)

या पद्धतीचा पाया इंग्रज अभियंते विल्यम फ्रूड यांनी घातला. १८७२ मध्ये इंग्लंडमधल्या टॉर्की इथे ते टाकीत मेणाच्या प्रतिकृती ओढत होते. त्यांचा नियम असा: लांबी ३६ पट कमी, तर वेग ३६ च्या वर्गमुळानं, म्हणजे ६ पट कमी. जहाजाचे १५ नॉट, प्रतिकृतीचे अडीच. मग लाटा हुबेहूब तशाच उठतात.

घर्षण मात्र असं जुळत नाही. तेही जुळवायचं, तर याच पाण्यात प्रतिकृती ५४० नॉटनं पळवावी लागेल. ताशी १००० किलोमीटर! म्हणून घर्षणाचा वाटा वेगळा, हिशेबानं काढतात. प्रतिकृती स्वतःच्या प्रोपेलरवर चालते तेव्हाही गाडी तिला थोडी पुढे ओढत राहते, कारण तिच्यावर घर्षणाचा भार प्रमाणाबाहेर असतो. तेवढा हलका केला, तरच प्रोपेलरवर खऱ्या जहाजासारखा ताण येतो.

फ्रूड टाकीवर विसंबून राहिले नाहीत. त्यांनी ग्रेहाउंड हे खरंखुरं युद्धजहाज दुसऱ्या जहाजाकडून समुद्रात ओढून घेतलं, दोरावरची ओढ मोजली आणि प्रतिकृतीच्या आकड्यांशी ताडून पाहिली.

(दृश्य: रिकामं मालवाहू जहाज, पुढच्या टोकाचा गोल फुगवटा पाण्याबाहेर.)

आजही जहाज तयार झालं की समुद्रात चाचणी होते. तेलवाहू जहाजाच्या टाक्या समुद्राच्या पाण्यानं भरता येतात. पण कोळसा किंवा धान्य नेणाऱ्या जहाजासाठी गोदीत माल कुठून आणणार? ते बॅलास्टचं, म्हणजे जहाज स्थिर राहावं म्हणून भरलेलं पाणी घेऊन, हलकंच निघतं. वेग मोजला जातो तो या अवस्थेतला. भरलेल्या जहाजाचा वेग मग टाकीतल्या दोन चाचण्यांची, हलक्या आणि भरलेल्या स्थितीची, तुलना करून काढतात.

म्हणजे अशा जहाजाच्या ईईडीआयमध्ये धरलेला वेग त्या जहाजानं समुद्रात कधी गाठून दाखवलेला नसतो. टाकीतल्या हलक्या स्थितीच्या चाचणीत थोडी ढिलाई होऊन वेग कमी दिसला, तर समुद्रात जहाज अंदाजापेक्षा वेगवान वाटतं आणि मग भरलेलं जहाजही कागदावर वेगवान ठरू शकतं. माझ्या मते तपासनीसानं या हलक्या स्थितीतल्या चाचणीकडेच सर्वांत बारकाईनं पाहायला हवं: भरलेल्या स्थितीच्या चाचणीत होती तीच प्रतिकृती, तोच प्रोपेलर आणि घर्षणाचा हिशेबही तोच.