मॉडेमच्या पोटातली डिक्शनरी

नमस्कार मंडळी! हा डबा ओळखलात? डायल-अप मॉडेम. कॉम्प्युटरला फोनलाइनवरून इंटरनेटशी जोडणारा, फोन लावला की किर्रर्र-टँव करणारा. आज त्याच्या रॅमबद्दल बोलू. हो, याला स्वतःची रॅम असते, आणि तिचा बराचसा भाग खाते ती कॉम्प्रेशनची, म्हणजे डेटा आवळून लहान करण्याची, डिक्शनरी.

१९९० मध्ये व्ही.४२बिस हे स्टँडर्ड आलं. त्यात मॉडेम डेटा पाठवता पाठवता डिक्शनरी रचत जातो. 'एचटीटीपी' ही अक्षरं वेबपानात सारखी येतात ना? आधी 'एचटी'ची नोंद होते, पुन्हा दिसली की 'एचटीटी'ची, मग चारही अक्षरांची. पुढच्या वेळी चार अक्षरांऐवजी एकच क्रमांक जातो.

गंमत अशी, की डिक्शनरी लाइनवरून कधी पाठवतच नाहीत! पलीकडचा मॉडेम आलेल्या डेटावरूनच तश्शीच डिक्शनरी बनवतो. म्हणून एररकरेक्शन हवंच. एक बाइट जरी हुकला तरी दोन्ही डिक्शनऱ्यांची फारकत, आणि पुढे सगळा कचरा.

आता हिशोब. डिक्शनरी किमान ५१२ क्रमांकांची. त्यातले ३ कंट्रोलचे, २५६ सुट्या बाइट्सचे. उरले २५३. एवढ्यात काय होणार? म्हणून बरेच मॉडेम २०४८ ठेवायचे. नोंदी वंशवृक्षासारख्या झाडात मांडतात: 'एचटी'चं पोर 'एचटीटी'. प्रत्येक नोंदीत एक अक्षर, म्हणजे १ बाइट, आणि झाडातला बाप, पोर, भावंड दाखवणारे तीन पॉइंटर, प्रत्येकी २ बाइट. झाले ७. सात गुणिले २०४८, म्हणजे १४ किलोबाइट. थांबा, जाणारा डेटा वेगळा, येणारा वेगळा, म्हणजे डिक्शनऱ्या दोन: २८ किलोबाइट! ही मांडणी मी सोपी धरलीय, पण ३२ किलोबाइटच्या चिपमध्ये मग बाकीच्या कामांना जागा किती उरते ते बघा.

आणि तुमच्या मॉडेममध्ये २०४८ची सोय असली, पण समोरचा ५१२चाच असला तर? जोडणी होतानाच दोघं बोलून घेतात, आणि चालतं ते लहान्याचं.

डिक्शनरी भरली की जी नोंद दुसऱ्या कुठल्या नोंदीचा आधार नाही, म्हणजे झाडाचं पान, ती खुडून जागा मोकळी करतात.

झिप फाइल आली की मात्र डिक्शनरी हतबल, कारण ती आधीच आवळलेली असते. व्ही.४२बिस शहाणा, तो डेटा जसाच्या तसा सोडतो. त्याच्या आधीच्या एमएनपी ५ ला ही अक्कल नव्हती, तिथे झिप फाइल उलट फुगायची! मग रॉकवेल चिपवाल्या मॉडेमला लोक 'एटी टक्का सी शून्य' अशी कमांड देऊन कॉम्प्रेशनच बंद करायचे.