नावं चार, कंद एकच

(रावेरकडची केळीची बाग, सकाळची वेळ. मागे ठिबकच्या मोटारीचा आवाज.)

हे बघा, रावेर, सावदा, यावल, हा सगळा पट्टा केळीचा, आणि त्यातली बहुतेक जी-नाईन, म्हणजे ग्रँड नैन. आजोबांच्या वेळेला बसराई होती, श्रीमंती होती, मग नव्वदच्या दशकात जळगावच्या जैन इरिगेशननं टिश्यूकल्चरची, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेली रोपं दिली, सगळी एकसारखी, घड मोठा, माल एकदमच कटाईला येतो, मग व्यापाऱ्याला पण तोच पाहिजे. जबरदस्ती कोणी केली नाही भो, माल भारी होता म्हणून लागला.

आता तुम्ही म्हणाल, विषय ब्राउझरचा आणि हा केळी काय दाखवतोय. थांबा जरा.

(हातात अँड्रॉइड मोबाईल, स्क्रीनवर चार ब्राउझरचे आयकॉन.)

हे क्रोम, हे एज, हे ब्रेव्ह, हे ऑपेरा. रंग वेगळे, कंपन्या वेगळ्या, आतलं इंजिन एकच, ब्लिंक. इंजिन म्हणजे काय, तर साईट तुमच्याकडे येते ती नुसता कोड म्हणून, तो वाचून अक्षरं कुठे, फोटो कुठे, बटण कुठे हे जे ठरवतं आणि पान उभं करतं ते इंजिन. वरचे आयकॉन म्हणजे नुसते केळीच्या बॉक्सवरचे स्टिकर.

या इंजिनाचं कूळ पण मजेशीर आहे. 1998 ला लिनक्ससाठी केडीई नावाचा डेस्कटॉप बनवणाऱ्या पोरांनी केएचटीएमएल नावाचं इंजिन लिहायला घेतलं, ते ॲपलनं उचललं आणि 2003 ला सफारी ब्राउझर आणला, त्यातल्या इंजिनाचं नाव झालं वेबकिट. 2008 ला गूगलनं क्रोम काढलं ते याच वेबकिटवर, आणि 2013 ला वेगळी चूल मांडली, तेच ब्लिंक. म्हणजे सफारी आणि क्रोम हे चुलत भाऊ, जसं बसराई आणि ग्रँड नैन दोघी कॅव्हेंडिशच्याच घरातल्या. खरं वेगळ्या घराण्याचं मोठं इंजिन आता एकच उरलंय, फायरफॉक्सचं गेको.

बाकीचे गेले कुठे? ऑपेराकडे स्वतःचं प्रेस्टो होतं, 2013 ला सोडून दिलं. मायक्रोसॉफ्टचं ऐका, इतका पैसा असलेली कंपनी, पण डिसेंबर 2018 ला सांगून टाकलं की आम्ही पण क्रोमियमवर, म्हणजे ब्लिंक ज्यात आहे त्या क्रोमच्या उघड्या कोडवर येतो, आणि जानेवारी 2020 ला नवीन एज आलं. कारण साधं आहे, साईट बनवणारा पोरगा क्रोममध्ये चालवून बघतो, चाललं की झालं, मग दुसऱ्या ब्राउझरमध्ये पान वाकडं दिसलं तर लोक साईटला नाही, ब्राउझरला शिव्या घालतात. आणि नवीन इंजिन लिहायचं तर वेबचे नियम रोज वाढतायत, वर वीस वर्षं जुन्या चुकीच्या लिहिलेल्या साईटी पण चालल्या पाहिजेत. गूगल तयार इंजिन फुकट देतंय, कोण डोकं फोडणार?

हे आधी पण झालंय. 2001 ला मायक्रोसॉफ्टचं इंटरनेट एक्स्प्लोरर 6 आलं, पुढचं 7 यायला 2006 उजाडलं, कारण स्पर्धाच नव्हती. त्या काळात कितीतरी साईटवर लिहिलेलं असायचं, "फक्त एक्स्प्लोररमध्येच उघडा".

आता कोणी म्हणेल क्रोमियम तर ओपन सोर्स आहे, मग भीती कसली? कोड उघडा आहे हे खरं, पण त्यात काय जाणार हे मुख्यतः गूगलच ठरवतं, आणि गूगलचं पोट जाहिरातीवर. एक्स्टेन्शनसाठी, म्हणजे ब्राउझरला जोडायच्या छोट्या प्रोग्रामसाठी, मॅनिफेस्ट व्ही3 नावाचे नवे नियम आणले आणि युब्लॉक ओरिजिनसारखा तगडा ॲडब्लॉकर क्रोममधून गेला, फायरफॉक्समध्ये राहिला. फक्त गंमत अशी की फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाची बरीचशी कमाई पण गूगलच सर्चसाठी देतं. विरोधकाच्या घरात धान्य पण यांच्याच कोठीतलं!

(पानावरचे पिवळे पट्टे, जवळून.)

हा हरण्या, केळीवरचा व्हायरसचा रोग. एकदा आला की या बागेतून त्या बागेत. क्रोमच्या व्ही8 मध्ये, म्हणजे साईटमधली जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या भागात, भोक सापडलं की एज, ब्रेव्ह, ऑपेरा, सगळ्यांना घाईघाईत अपडेट काढावं लागतं, ते हेच.

आपल्याकडची एक गोष्ट सांगतो. 2017 ला जिओफोन आला, वावरात, बैलगाडीवर, सगळीकडे. त्यातली कायओएस ही ऑपरेटिंग सिस्टीम मोझिलाच्या फायरफॉक्स ओएसमधूनच निघालेली, म्हणजे आत गेको! आपल्या आयाबाया गेको वापरत होत्या, आणि नाव कोणाला माहीत?

नवीन रोपं पण लागतायत. सर्वो हे इंजिन मोझिलात 2012 ला सुरू झालेलं, 2020 ला तिथली माणसं काढली, आता ते लिनक्स फाउंडेशन युरोपच्या छत्राखाली आहे. आणि लेडीबर्ड हे ब्राउझर, अँड्रियास क्लिंग नावाच्या, आधी ॲपलमध्ये वेबकिटवर काम केलेल्या माणसानं सुरू केलेलं, पहिल्या ओळीपासून नवीन, 2024 पासून त्याची नफा न घेणारी संस्था पण आहे. आयफोनवर तर प्रत्येक ब्राउझरला वेबकिटच वापरावं लागायचं, 2024 ला युरोपात कायद्यानं ते दार उघडलं.

मी स्वतः फायरफॉक्सवाला. परवा बागेचा एक फॉर्म भरायला बसलो, साईटचं नाव नाही घेत, सगळं भरून झालं आणि सबमिटचं बटणच दाबलं जाईना, खाली बारीक अक्षरात, "कृपया क्रोम वापरा". मग काय, केलं क्रोम चालू.