शंभर किलो पानं, चार किलो वाख

[दृश्य: टांझानियाचा टांगा प्रदेश. लाल मातीत करड्या-हिरव्या झाडांच्या सरळ रांगा. कोयता चालतो आहे.]

हे सिसल. आपल्याकडच्या घायपाताचं सख्खं भावंड. मीटरभराहून लांब, जाड, रसाळ पान आणि टोकाला दाभणासारखा काटा. कामगार आधी तो काटा उडवतो, मग बुडाशी कोयता घालून पान सोडवतो. खालची पानं घ्यायची, शेंड्याकडची ठेवायची. हावरटपणा केला की झाडाची वाढ खुंटते.

अशी शंभर किलो पानं कारखान्यात गेली की हाती येतो जेमतेम चार किलो वाख, म्हणजे दोर वळायचा धागा. बाकी सगळं पाणी, गर आणि चोथा. दोराची गोष्ट सांगताना लोक त्या चार किलोंबद्दल बोलतात. आपण उरलेल्या शहाण्णव किलोंच्या मागे जाऊ. ते वाखापासून सोडवायचे कसे, किती लवकर आणि कुणाच्या हातांनी, यावरच या पिकाचं सगळं राजकारण उभं राहिलं.

[दृश्य: झाडाच्या मधोमध उभा उंच दांडा, त्यावर लगडलेली इवली रोपं.]

झाड मूळचं मेक्सिकोचं. आयुष्यात एकदाच फुलतं. पाच-सहा मीटरचा दांडा वर जातो, फुलं येतात आणि त्यानंतर झाड मरतं. सहसा बी धरत नाही. फुलं गळाली की दांड्यावरच छोटी रोपं फुटतात. म्हणजे दूर देशी जायचं तर ती रोपं कुणीतरी उचलूनच न्यायला हवीत.

१८३० च्या दशकात हेन्री पेराइन या मेक्सिकोतल्या अमेरिकन वाणिज्यदूताने ती फ्लोरिडात नेली. तिथून १८९३ साली रिचर्ड हिन्डॉर्फ या जर्मन शेतीतज्ज्ञाने हजारभर रोपं हॅम्बुर्गमार्गे पूर्व आफ्रिकेत मागवली. एवढ्या लांबच्या प्रवासात बहुतेक मेली. बासष्ट जगली, आणि टांग्याच्या मळ्यांची सुरुवात त्या बासष्टांपासून झाली.

[दृश्य: कारखाना. पट्ट्यावरून सरकणारी पानं, पाण्याचे फवारे, यंत्राचा खडखडाट.]

कापलेलं पान पडून राहिलं तर गर वाळतो आणि धाग्याला चिकटून बसतो. म्हणून शेतातून कारखान्यापर्यंत छोटे रूळ टाकले, त्यावर पानांच्या ट्रॉल्या. कारखान्यात फिरत्या ढोलांवरच्या बोथट पात्या पान चिरडतात, गर खरवडतात, पाणी तो वाहून नेतं. पांढुरका वाख मग तारांवर उन्हात वाळतो, ब्रशने साफ होतो आणि गाठोड्यांत दाबला जातो.

रूळ, यंत्रं, भरपूर पाणी. दोन एकरवाल्याला हे परवडणं शक्यच नव्हतं. त्यामुळे सिसल मोठ्या मळ्यांचं पीक झालं. आधी जर्मन मालक, पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश आणि ग्रीक, आणि भारतातून गेलेली करीमजी जीवनजींसारखी व्यापारी घराणीही. कोयता मात्र दुसऱ्यांच्या हाती. मजूर लांबलांबून आणले जात. मोझांबिककडचे माकोंडे लोकही त्यांत होते. आज जग त्यांना लाकडी शिल्पांसाठी ओळखतं.

[दृश्य: महाराष्ट्र. शेताच्या बांधावर घायपात.]

यंत्राआधी हे काम कसं व्हायचं, ते पाहायला आपल्याला आफ्रिकेत जायची गरज नाही. आपल्याकडे घायपात, कुठे केकताड, बांधावर कुंपणाला लावलेलं असायचं. पानं पाण्यात कुजत घालायची, मग बडवायची, धुवायची. कुजलेल्या पानांचा वास दूरवर जातो, आणि रस अंगाला लागला की खाज सुटते. ही खाज पिढ्यान्‌पिढ्या मातंग समाजाने सोसली. वाख काढून, पीळ देऊन, कासरे, दावी, नाडे, चऱ्हाटं त्यांनी वळली. पोळ्याला बैलाच्या अंगावर नवा कासरा यायचा तो त्यांच्या हातचा; बदल्यात बलुत्याचं धान्य. बैल सजला म्हणून सारं गाव कौतुक करायचं, पण दोर वळणाऱ्याची जागा गावकुसाबाहेरच राहिली.

[दृश्य: बंदर, जहाजावर चढणारी गाठोडी.]

१९४२ मध्ये जपानने फिलिपिन्स घेतलं आणि दोस्त राष्ट्रांचा तिथल्या मनिला वाखाचा, म्हणजे जहाजांच्या दोरांसाठीच्या धाग्याचा, पुरवठा तुटला. जहाजांना दोर तर हवेच. टांग्याच्या मळ्यांना सोन्याचे दिवस आले. पुढे तिथल्याच संशोधकांनी ११६४८ क्रमांकाचा संकरित वाण काढला. साध्या सिसलला आयुष्यभरात दोन-अडीचशे पानं येतात, तर या वाणाला सहाशेहून जास्त. १९६० च्या दशकाच्या मध्यावर देशाचं उत्पादन वर्षाला दोन लाख टनांच्या वर गेलं होतं.

मग बाजारात पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकचा दोर आला. हलका, स्वस्त, न कुजणारा. भाव कोसळले. १९६७ च्या अरुशा जाहीरनाम्यात टांझानियाने समाजवादाची वाट धरली; त्यानंतर राष्ट्राध्यक्ष न्येरेरे यांच्या सरकारने बरेच मळे ताब्यात घेतले, आणि घसरणीचं खापर पुष्कळदा त्यावरच फोडलं जातं. पण मागणीच आटत असताना मालक कोण, याने फार फरक पडला असता असं वाटत नाही. शतक संपता संपता उत्पादन जेमतेम दहाव्या हिश्श्यावर आलं.

[दृश्य: ब्राझील, बाहिया राज्य. कोरडं रान, शेतातच धडधडणारं छोटं यंत्र.]

आज सर्वांत जास्त सिसल ब्राझीलमध्ये होतं, तेही बहुतांश बाहियाच्या अवर्षणी भागात. इथे कारखान्याचे रूळ नाहीत. ‘पाराइबा’ नावाचं यंत्रच शेतात येतं. चालवणारा एकेक पान हाताने आत सारतो आणि ओढून घेतो. क्षणभर लक्ष चुकलं, की पानाबरोबर हात आत. बोटं, पंजे गमावलेली माणसं या पट्ट्यात गावोगाव भेटतात. हा वाख पुढे गालिचे होतो, डार्टचे फलक होतो, प्लास्टरला बळकटी देतो. नैसर्गिक, पर्यावरणपूरक, अशी चिठ्ठी लावून चढ्या भावात विकलाही जातो.

[दृश्य: पुन्हा टांगा प्रदेश. हाले इथला मळा, गोल टाक्या.]

आणि ते शहाण्णव किलो? वर्षानुवर्षं चोथ्याचे ढीग कुजत राहिले, आंबट पाणी ओढ्यांत गेलं. २००७ च्या सुमारास हाले इथे चोथा टाक्यांत आंबवून त्यातून गॅस आणि गॅसवर वीज करणारा प्रकल्प उभा राहिला. क्षमता १५० किलोवॅट, म्हणजे फार मोठी नाही. पण पानं सोलणारी यंत्रं चालवायला वीज लागतेच, आणि ती चोथ्यातूनच काढायची, असा तो हिशेब.