शेवटचे चाळीस मीटर

श्रोते हो, नमस्कार.

चारशे मीटर हर्डल्सची शर्यत म्हणजे मैदानाची एक पूर्ण फेरी आणि वाटेत दहा हर्डल्स, म्हणजे उडी घेऊन ओलांडायचे अडथळे. दहावं हर्डल ओलांडलं की अंतिम रेषेपर्यंत बरोबर ४० मीटर उरतात. सरळ रस्ता, समोर काही नाही. तरीही या शर्यतीचे कितीतरी निकाल याच चाळीस मीटरांत फिरतात, कारण तिथे पोचेपर्यंत पायांत त्राण उरलेलं नसतं.

८ ऑगस्ट १९८४. लॉस एंजलिसचं ऑलिंपिक. महिलांची चारशे मीटर हर्डल्स ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदाच होत होती. मोरोक्कोची नवाल एल मुतवक्किल ५४.६१ सेकंदांत पहिली आली. अमेरिकेची ज्युडी ब्राउन ५५.२० सेकंदांत दुसरी. तिसरी रुमानियाची क्रिस्टियाना कोजोकारू, ५५.४१. आणि चौथी आपली पी. टी. उषा, ५५.४२. सेकंदाचा शंभरावा हिस्सा! त्या वेगाने धावणारी व्यक्ती तेवढ्या वेळात सात सेंटिमीटर पुढे जाते. आपली चार बोटं जोडली की होतं तेवढंच अंतर.

ही गोष्ट आपल्याकडे नशिबाची म्हणून सांगितली जाते. पदक हुकलं, दैवात नव्हतं. मला ती तशी सांगवत नाही. उषाताईंच्या सगळ्या कारकिर्दीकडे पाहिलं, की मला नशिबापेक्षा दुसरीच एक गोष्ट दिसते, आणि ती आपल्या गोव्यातल्या मुलींच्याही कामाची आहे. म्हणून आज हा विषय घेतला.

मडगावहून केरळला जाणारी गाडी कण्णूर सोडून कोझिकोडकडे निघाली, की पय्योळी नावाचं छोटं गाव लागतं. समुद्राकाठचं. माड, वाळू, पावसाळ्यात उसळणारा दर्या, सगळं आपल्यासारखंच. तिथे वाढलेली ही मुलगी कण्णूरच्या क्रीडाशाळेत गेली आणि तिथे तिला ओ. एम. नंबियार सर भेटले. सर हवाई दलातून आलेले, शिस्तीचे. पुढे पय्योळीच्या किनाऱ्यावर, वाळूत आणि लाटांच्या पाण्यात, त्यांनी तिला पळवलं. वाळू पायाला धरून ठेवते, पाणी पोटरीला मागे ओढतं, त्यामुळे घोटा आणि मांडी दोन्ही बळकट होतात. आपल्याकडेही किनाऱ्याकिनाऱ्याला ही फुकटची व्यायामशाळा पडून आहे, हे जाता जाता सांगतो.

सोळाव्या वर्षी ती मॉस्को ऑलिंपिकला शंभर मीटर धावली. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत शंभर आणि दोनशे मीटरमध्ये तिला रौप्य मिळालं. म्हणजे तोवर ती निव्वळ वेगाची, सपाट धावेची खेळाडू होती. त्याच दिल्लीत चारशे मीटर हर्डल्सचं सुवर्ण जिंकलं ते केरळच्याच एम. डी. वल्सम्माने, ५८.४७ सेकंदांत.

लॉस एंजलिसला महिलांसाठी ही शर्यत येणार म्हटल्यावर नंबियार सरांनी उषाला हर्डल्सकडे वळवलं. ऑलिंपिकला तेव्हा काही महिने उरले होते. काही महिने! त्या काही महिन्यांत ती वल्सम्माच्या पुढे गेली आणि ऑलिंपिकच्या उपांत्य फेरीत ५५.५४ सेकंदांत आपल्या गटात पहिली आली. त्या गटात तिने मागे टाकलं ते ज्युडी ब्राउनला, जिला दोनच दिवसांनी रौप्यपदक मिळालं. दोन वर्षांपूर्वीच्या आशियाई सुवर्णाच्या वेळेशी तुलना करा. तीन सेकंदांचा फरक. मैदानावर मोजाल तर वीस मीटरांहून जास्त.

आता अंतिम शर्यत. पहिल्या सुरुवातीला उषा बंदुकीच्या आवाजाबरोबर झेपावली होती, पण एका ऑस्ट्रेलियन धावपटूचा फॉल्स स्टार्ट झाला, म्हणजे ती बंदुकीआधीच निघाली, आणि सगळ्यांना परत बोलावलं. दुसऱ्यांदा तिची सुरुवात तशी जमली नाही. शेवटच्या टप्प्यात ती आली होती तिसऱ्या जागेपर्यंत, पण रेषेवर छाती पुढे झोकायला क्षणभर उशीर झाला. अॅथलेटिक्समध्ये रेषेला पाय लागला की हात, हे मोजत नाहीत. धड मोजतात. कोजोकारूने धड झोकून दिलं आणि पदक घेऊन गेली.

उषाताईंनी नंतर एका मुलाखतीत आणखी एक गोष्ट सांगितली. ऑलिंपिक ग्राममध्ये त्यांना खाता येईल असं काही मिळत नव्हतं. तांदळाची पेज आणि सोबत लोणचं, यावर दिवस काढावे लागले. शेवटच्या ३५ मीटरमध्ये अंगात जोर राहिला नाही, असं त्या म्हणाल्या. श्रोते हो, पेज आणि लोणचं ही काय चीज आहे हे गोव्यातल्या माणसाला समजावून सांगायला नको. सकाळी दहा वाजता शेतातून आलेल्या माणसाला ती तृप्त करते. पण ऑलिंपिकच्या अंतिम फेरीतल्या आठ मुलींमध्ये एक फेरी मारायची, तर स्नायूंना रोज प्रथिनं लागतात, आणि ती पेजेतून येत नाहीत. ऑलिंपिकला गेलेल्या खेळाडूच्या ताटाकडे लक्ष द्यायला सोबत जाणकार माणूस नव्हता, या गोष्टीची मला आजही चीड येते.

तरीही, माझ्या मते, खरं कारण यापेक्षा खोल आहे. त्यासाठी हर्डल्सच्या आतलं गणित सांगतो, थोडा धीर धरा.

सुरुवातीपासून पहिलं हर्डल ४५ मीटरवर. त्यानंतर दर ३५ मीटरला एक. महिलांसाठी उंची ७६.२ सेंटिमीटर, म्हणजे अडीच फूट. ही उंची कुठल्याही चपळ मुलीला जमते. अवघड आहे ते मधलं अंतर. हर्डलच्या साधारण दोन मीटर आधी उडी घ्यायची, पलीकडे मीटरभरावर उतरायचं, आणि उरलेलं ३२ मीटरांचं अंतर ठरलेल्या पावलांत कापायचं. समजा पंधरा पावलं. पावलांची संख्या विषम असली, की प्रत्येक वेळी उडीला तोच पाय पुढे येतो. पण दोनशे मीटरनंतर दम लागतो आणि प्रत्येक पाऊल दहा सेंटिमीटरनं आखडतं. दहा गुणिले पंधरा, म्हणजे दीड मीटर कमी! आता हर्डल आवाक्याबाहेर. मग एक तर सतरा पावलं घ्यायची, म्हणजे वेग मारायचा, नाही तर सोळा घेऊन उलट्या पायानं उडी घ्यायची. तो उलटा पाय वर्षानुवर्षं शिकवलेला नसेल, तर मुलगी हर्डलसमोर अडखळते, आणि त्या एका अडखळण्याची किंमत पुढच्या हर्डललाही मोजावी लागते.

वळणावर आणखी एक गोम आहे. डावा पाय आधी टाकणारी धावपटू आतल्या रेषेला चिकटून धावू शकते. उजवा टाकणारीचा मागचा डावा पाय हर्डलच्या बाहेरून, खालून गेला तर ती बाद होते, म्हणून तिला लेनच्या मध्याकडे सरकावं लागतं. हर्डलला पाय लागून ते पडलं तर मात्र बाद नाही. त्याची बैठक धावपटूच्या बाजूला असते, त्यामुळे ते पुढे सहज कोसळतं.

हे पावलांचं गणित वहीत सोडवून भागत नाही. ते शर्यतीत, दमलेल्या पायांनी, शेजारच्या लेनमध्ये कुणीतरी पुढे जात असताना सोडवावं लागतं. अमेरिकेच्या एडविन मोझेसने हर्डल्समधली तेरा पावलं पहिल्यापासून शेवटच्या हर्डलपर्यंत टिकवली आणि १९७७ ते १९८७ या दहा वर्षांत सलग १२२ शर्यती जिंकल्या. तो भौतिकशास्त्राचा विद्यार्थी होता, पण ती तेरा पावलं त्याच्या अंगात भिनली ती धावून धावून.

आता १९८४ च्या त्या अंतिम फेरीकडे पुन्हा पाहा. ज्युडी ब्राउन आदल्या वर्षी पॅन अमेरिकन स्पर्धेत हीच शर्यत जिंकून आली होती. नवाल अमेरिकेतल्या आयोवाच्या विद्यापीठात शिकत होती आणि त्याच वर्षी तिथल्या आंतरविद्यापीठ स्पर्धेतलं याच शर्यतीचं विजेतेपद तिच्याकडे होतं. या मुली हर्डल्स जगत होत्या. त्यांच्यात आपली उषा उभी होती, आयुष्यातल्या मोजक्याच हर्डल्स शर्यती धावलेली. मला त्या सात सेंटिमीटरांत दैव दिसत नाही. तिला न मिळालेल्या शर्यती दिसतात. आणि तरीही ती इतक्या जवळ पोचली, याचा मला अभिमान वाटतो, दुःखाहून कितीतरी जास्त.

जाता जाता नवालबद्दल एक सांगायलाच हवं. ऑलिंपिक सुवर्ण जिंकणारी ती अरब देशांतली आणि आफ्रिका खंडातली पहिली मुस्लिम महिला. त्या दिवशी जन्मलेल्या मुलींची नावं नवाल ठेवा, असं मोरोक्कोच्या राजाने जाहीर केलं होतं.

उषाताईंची कारकीर्द तिथे थांबली नाही. १९८५ ला जकार्तात आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत पाच सुवर्णं, १९८६ ला सोलच्या आशियाई स्पर्धेत चार सुवर्णं आणि एक रौप्य. त्यात हर्डल्सचं सुवर्ण दोन्हीकडे. पण एकाच खेळाडूने शंभर, दोनशे, चारशे, हर्डल्स, रिले असं सगळंच ओढायचं, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं. ५५.४२ च्या खाली ती पुन्हा कधी आली नाही. १९८८ च्या ऑलिंपिकला टाचेच्या दुखापतीसह उतरली आणि पहिल्याच फेरीत संपली. लग्न झालं, मुलगा झाला, आणि मग ती परत आली. १९९८ ला, चौतिसाव्या वर्षी, जपानमधल्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत तिने दोनशे आणि चारशे मीटरमध्ये कांस्यपदकं घेतली.

निवृत्तीनंतर तिने केरळात मुलींसाठी स्वतःची अॅथलेटिक्सची शाळा काढली. लहान वयात निवडायचं, तिथेच ठेवायचं, खायला नीट घालायचं आणि वर्षानुवर्षं घडवायचं. जे तिला मिळालं नाही, नेमकं ते.

तो ५५.४२ चा राष्ट्रीय विक्रम ३९ वर्षं कुणाला गाठता आला नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत तमिळनाडूच्या विद्या रामराजने प्राथमिक फेरीत शंभराव्या हिश्श्यापर्यंत तीच वेळ दिली, ५५.४२, आणि अंतिम फेरीत कांस्य घेतलं. ट्रक चालवणाऱ्या बापाची ही मुलगी. तिची जुळी बहीण नित्याही हर्डलर, त्याच संघात.

त्याच महिन्यात आपल्याकडे ३७ वी राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा सुरू झाली, आणि भारतीय ऑलिंपिक संघटनेच्या अध्यक्षपदी तेव्हा उषाताईच होत्या. अॅथलेटिक्स बांबोळीच्या स्टेडियमवर झालं. तो ट्रॅक आता आपला आहे. पण मी ज्या शाळांचे क्रीडादिन पाहत आलो, तिथे शंभर मीटर असते, लांब उडी असते, गोळाफेक असते, रिलेला तर सगळा गाव ओरडतो. हर्डल्स क्वचित. पडतील, लागेल, पालक विचारतील, ही भीती. मग पंधरा-सोळा वर्षांची मुलगी जिल्ह्याच्या स्पर्धेत पहिल्यांदा हर्डल पाहते, आणि तिला काही महिन्यांत तयार करायचं म्हणतात. म्हणजे पुन्हा तेच.

ज्योती याराजी विशाखापट्टणमची. शाळेतल्या खेळाच्या शिक्षकांनी तिची उंची पाहून तिला हर्डल्सकडे वळवलं. पुढे ती २०२३ ला शंभर मीटर हर्डल्सची आशियाई विजेती झाली, आणि पॅरिसला ऑलिंपिकमध्ये ही शर्यत धावणारी पहिली भारतीय. मराठी मुलखातला तेजस शिरसे मे २०२४ मध्ये फिनलंडला ११० मीटर हर्डल्स १३.४१ सेकंदांत धावला आणि सिद्धांत थिंगलयाचा १३.४८ चा राष्ट्रीय विक्रम मागे पडला. या दोन्ही शर्यती वेगळ्या, छोट्या आणि उंच हर्डल्सच्या. पण सुरुवात शाळेतच व्हायला हवी, हे तिन्हींना लागू.

म्हणून डिचोली, पेडणे, सत्तरी, फोंडा, कुठेही शाळेत खेळ शिकवणारे माझे सहकारी हे ऐकत असतील, तर त्यांच्याशी थेट बोलतो. महागड्या हर्डल्सची वाट पाहू नका. प्लंबरकडचे पीव्हीसीचे पाइप घ्या, आडवी काठी नुसती टेकवून ठेवा, बांधू नका, म्हणजे पाय लागला की पडेल. उंची मुलीच्या गुडघ्याएवढीच. पाऊस सरला की गवत असतं, त्यावर मांडा, जांभ्या दगडाच्या टणक जमिनीवर नको. शेजारशेजारच्या तीन लेन करा, हर्डलांमधलं अंतर एका लेनमध्ये साडेपाच मीटर, दुसरीत सहा, तिसरीत साडेसहा. ज्या लेनमध्ये मुलीला मध्ये तीन पावलं सहज पडतात, ती तिची लेन. आधी ताल येऊ द्या, उंची नंतर वाढवा. आणि डावा-उजवा दोन्ही पाय पहिल्या दिवसापासून शिकवा. ती चारशे मीटरला पोचेल तेव्हा शेवटच्या वळणावर तिला दोन्ही लागणार आहेत.

नमस्कार.