थाऊ, मायक्रॉन आणि आपल्याकडचा उन्हाळा

मित्रहो, आपल्या वणी-पांढरकवडा पट्ट्यातला सुतार चौकटीचे माप "दोन इंच तीन सूत" असे सांगतो आणि त्याच्या कामाला ते पुरते, कारण सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.१७५ मिलिमीटर, आणि एवढा फरक लाकूड सांभाळून घेते. जिनिंगचे किंवा ट्रॅक्टरचे सुटे भाग करणाऱ्या लेथवर मात्र थाऊ चालतो. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, २५.४ मायक्रॉन, आणि मायक्रॉन हा मिलिमीटरचा हजारावा भाग. कापसाचा एक तंतू साधारण १० ते २० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे एका थाऊत तो सहज मावतो.

६२०५ क्रमांकाचे बेअरिंग घ्या. शेवटच्या ०५ ला पाचने गुणले की आतला व्यास निघतो, २५ मिलिमीटर. ते शाफ्टवर घट्ट बसावे म्हणून के-६ बसणी (शाफ्ट बेअरिंगच्या भोकापेक्षा किंचित जाड ठेवण्याचे प्रमाण माप) ठरवली, तर शाफ्ट २५.००२ ते २५.०१५ च्या दरम्यान हवा. सगळी मोकळीक १३ मायक्रॉनची, अर्ध्या थाऊएवढी.

एका एप्रिलात, गव्हाच्या मळणीच्या घाईत, मी थ्रेशरच्या पंख्याचा असाच शाफ्ट वळला. लेथवरून उतरवताना त्याचा हाताला चटका बसत होता, तरी मी लगेच मायक्रोमीटर लावला. त्याच्या स्क्रूचा पिच, म्हणजे एका फेऱ्यातली सरक, अर्धा मिलिमीटर आणि थिंबलवर, म्हणजे फिरवायच्या नळीवर, ५० घरे, म्हणून एक घर १० मायक्रॉनचे. रेघ २५ च्या वर अर्धे घर, म्हणजे २५.००५ वर, दिसली आणि मी समाधानाने शाफ्ट दिला. दोनच दिवसांत तो परत आला. बेअरिंगची आतली रिंग शाफ्टवर फिरून जागा चकचकीत घासली गेली होती. पोलाद एका मीटरला दर अंशामागे साडेअकरा मायक्रॉनच्या आसपास वाढते. मायक्रोमीटरपेक्षा ३५ अंशांनी गरम असलेला तो शाफ्ट निवल्यावर १० मायक्रॉनने आकसला, म्हणजे २४.९९५ झाला. पंचाचे टोचे मारून जागा फुगवण्याचा सल्ला काहींनी दिला, परंतु ती तडजोड मला कधीच पटली नाही. मी नवा शाफ्ट वळून दिला.

लांबीच्या मापासाठी २० अंश सेल्सिअस हे प्रमाण तापमान १९३१ मध्ये ठरले. मे महिन्यात आपल्या पत्र्याच्या शेडमध्ये पारा ४५ वर असतो, म्हणून कोणी हताश होऊ नये. जॉब (वळायचा किंवा मोजायचा भाग) आणि मायक्रोमीटर दोन्ही पोलादी आणि दोन्ही ४५ वर असतील, तर दोघेही सारखेच वाढतात आणि माप जवळजवळ बरोबर येते. चूक घडते ती दोघांच्या तापमानातील फरकामुळे. ॲल्युमिनियमच्या पिस्टनला हा दिलासा नाही, कारण ते पोलादाच्या दुप्पट वाढते आणि १०० मिलिमीटरचा पिस्टन त्या उन्हात पोलादी मायक्रोमीटरवर सुमारे २९ मायक्रॉनने, म्हणजे एका थाऊहून अधिक, मोठा भरतो.

आमच्याकडे आता जॉब आणि मायक्रोमीटर सावलीतल्या एकाच लोखंडी पाटावर अर्धा तास शेजारी ठेवतात, आणि भाग ॲल्युमिनियमचा असेल तर जॉबकार्डावर मापाच्या शेजारी तापमानही लिहितात.